आमच्या समिधा कोणत्या घटकेला जाळल्या?

प्रथम कालक्रम नोंदवतो, म्हणजे ‘आम्हांला दिवसच ठाऊक नव्हते’ असे पुढे कोणाला म्हणता येणार नाही. जून महिन्यातल्या एका बुधवारी पुण्यात, सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी वाळवलेल्या पळसाच्या समिधा बांधल्या. गुरुवारी रात्री त्या माझ्याबरोबर विमानात बसल्या. शुक्रवारी सकाळी सिंगापूरच्या विमानतळावर त्या माझ्याकडून काढून घेण्यात आल्या. रविवारी सकाळी माझा नातू ईशान याची मुंज, त्या समिधांशिवाय, लागली.

जबाबदार मंडळी अशी. पहिला, झाडाच्या सालीखाली राहणारा एक किडा, ज्याला मी कधी पाहिलेले नाही आणि ज्याची माझ्या समिधांतली उपस्थिती आजतागायत सिद्ध झालेली नाही. दुसऱ्या, विमानतळावरच्या वनस्पती-तपासणी कक्षातल्या एक अधिकारी बाई, ज्यांच्या सौजन्यामुळे मला मनासारखे भांडताही आले नाही. तिसरा, माझा मुलगा नितीन, ज्याने बापाला लबाडीचा सल्ला दिला आणि जो, दुर्दैवाने, व्यवहारात बरोबर ठरला. चौथे, नितीनच्या गृहसंकुलाचे व्यवस्थापन. त्यांच्याविषयी यथावकाश.

मी निवृत्त दुय्यम निबंधक आहे. उभी नोकरी इतरांच्या दस्तांवर ‘अपूर्ण’ असा शेरा मारण्यात गेली, त्यामुळे स्वतःचे कागद मी पूर्ण ठेवतो. हे प्रवासवर्णन आहे, तक्रार अर्ज नव्हे, असे संपादकांनी मला बजावले आहे. वाचकांनी दोन्ही समजून वाचावे.

पळस

सोसायटीच्या पार्किंगच्या कडेला जो पळस उभा आहे तो माझी पत्नी सुधा हिने लावला. गाड्यांना जागा हवी म्हणून तो तोडावा असा ठराव दोनदा आला. दोन्ही वेळा मी वृक्षसंरक्षणाच्या कायद्याची कलमे सावकाश, स्पष्टीकरणासह वाचून दाखवली आणि सभा एवढी लांबवली की गणसंख्या उरली नाही. झाड वाचले. माझ्याशी बोलणारे शेजारी थोडे कमी झाले, ते चालले.

ईशान पाळण्यात होता तेव्हाच सुधाने सांगून ठेवले होते, “याच्या मुंजीला समिधा या झाडाच्या हं. दुकानातली काडी मला चालायची नाही.” तीन वर्षांपूर्वी ती गेली. झाड राहिले. म्हणजे काम माझ्याकडे आले.

मुंज पुण्यात का केली नाही, असे वाचक विचारतील. मीही विचारले. नितीन रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आहे, सूनबाई मृदुला पाया लेबारला एका कंपनीत हिशेब बघते, आणि दोघांची रजा एका आठवड्यात जुळणे हा ग्रहांच्या युतीपेक्षा दुर्मीळ योग आहे. तो जूनच्या शाळेच्या सुट्टीत सिंगापुरात जुळला. मी निमूटपणे पासपोर्ट शोधला.

समिधा मी नियमाने घेतल्या. फांदी तोडायला महापालिकेची परवानगी लागते, म्हणून केवळ आपोआप गळलेल्या काड्या वेचल्या. वीतभर लांबीच्या, करंगळीएवढ्या जाडीच्या, सालीसकट. सुधाच्या जुन्या खणाच्या तुकड्यात गुंडाळल्या. वर शंभराच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून घेतले की सदर काष्ठे माझ्या पत्नीने लावलेल्या झाडाची असून निर्वेध, निर्वाद व अव्यापारी आहेत. नोटरी हसला. त्याची सही मात्र ठसठशीत आली.

विमानतळ

विमानातल्या रात्रीचे वर्णन करत नाही. ज्यांना ते हवे असेल त्यांनी अंधारात गुडघे पोटाशी घेऊन बसावे आणि समोर उपमा थंड होऊ द्यावा.

नितीनने फोनवर सांगितले होते, “बाबा, सरळ हिरव्या वाटेनं बाहेर या. कोणी विचारत नाही. आणि विचारलं तर पूजेचं सामान म्हणा.” जाहीर करण्याजोगे काही असल्यास लाल वाट, नसल्यास हिरवी, अशी तिथली सोय. माझ्याजवळ जाहीर करण्याजोगे होते. मी लाल वाटेने गेलो. तिथे मी एकटाच होतो. एवढ्या मोठ्या विमानात एकच प्रामाणिक मनुष्य असावा, याची मी मनात नोंद केली.

टेबलापाशी ज्या बाई होत्या त्या चिनी वंशाच्या, तिशीतल्या, हातात रबरी मोजे. संभाषण इंग्रजीत झाले. त्याचा प्रामाणिक तर्जुमा देतो.

“हे काय आहे, अंकल?”

“पवित्र काष्ठ. धार्मिक उपयोगासाठी. हे प्रतिज्ञापत्र.”

त्यांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचले. माझ्या कारकिर्दीत कोणी कागद इतका मन लावून वाचल्याचे मला आठवत नाही. “छान आहे,” त्या म्हणाल्या, “पण यात किडा नाही असं कुठे लिहिलंय?”

“किड्याचा प्रश्नच उद्भवत नाही.”

“अंकल, सरपणाबरोबर किडे प्रवास करतात. सालीखाली. कच्चं लाकूड असं आणता येत नाही. कागद लागतात, औषधाची धुरी द्यावी लागते. काही देशांत तर सरपण जिथं तोडलं त्या भागाबाहेर न्यायलासुद्धा मनाई असते.”

“अंतर कुठून मोजतात?” मी विचारले. “झाडाच्या बुंध्यापासून, की तोडल्या जागेपासून?”

त्यांनी क्षणभर विचार केला. “कुठूनही मोजलं तरी पुणे लांब आहे.”

“मग साल काढून द्या.”

“काढू?”

मी स्वतःच्याच सापळ्यात सापडलो, कारण समिधा सालीसकटच असावी लागते, सोललेली चालत नाही. शास्त्राला साल हवी आणि सिंगापूरला साल नको. दोन्ही नियम लेखी, दोन्ही स्पष्ट. अशा प्रसंगी जो नियम जुना तो वरचढ, हे मी मांडले. बाईंनी आदराने ऐकले.

“तुम्हांला एक तरी किडा दिसतो का?” मी म्हणालो. “नाही ना? मग संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.”

“इथे संशयाचा फायदा झाडांना मिळतो, अंकल.”

याचे उत्तर मला विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर, पुष्कळ उशिरा सुचले, आणि तेही फारसे चांगले नव्हते.

“बरे,” मी म्हणालो, “याचे करणार काय?”

“भट्टीत जाळणार.”

वाचकहो, मी खुर्चीत बसलो. “अहो बाई, मीसुद्धा त्या जाळायलाच आणल्यात!”

मग आमच्यात जी चर्चा झाली ती कोणत्याही विमानतळावर पूर्वी झाली नसावी. जाळण्याला उभय पक्षांची हरकत नसल्यामुळे वाद फक्त तपशिलाचा उरला होता. रविवारी सकाळी मुहूर्तावर जाळता येतील का? रविवारी भट्टी बंद. मग कधी? पेटी भरली की. पेटी कधी भरते? ते प्रवाशांवर आहे. भट्टीचे तोंड पूर्वेला आहे का? ते त्यांनी कधी पाहिले नव्हते. आणि पेटीत सोबत काय असेल? बाईंनी झाकण उघडून दाखवले. आत कोणाची तरी डुकराच्या मांसाची सॉसेजे होती, मातीसकट एक ऑर्किड होते आणि कापलेला फणस.

“हे चालणार नाही,” मी म्हणालो, आणि माझा आवाज वर गेला हे मला मान्य आहे. “त्या झाडाची काडी सॉसेजच्या शेजारी जळणार नाही.”

बाईंनी एक स्वच्छ पारदर्शक पिशवी आणली. समिधा तीत ठेवल्या, तोंड बांधले आणि पिशवी वेगळी, फळीवर ठेवली. मग खण उचलला. “कापड नेऊ शकता. कोणाचं आहे?”

“माझ्या पत्नीचे.”

त्यांनी मोजे काढले, खणाची चौकोनी घडी घातली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. अशा माणसांशी भांडायचे कसे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

बाहेर नितीन उभा होता. माझा चेहरा पाहून त्याने बॅग घेतली आणि एवढेच म्हणाला, “लाल वाटेनं आलात ना?”

बुकित बातोक

नितीनचे घर पश्चिमेला, बुकित बातोकला आहे. सिंगापूर हा सूचनाफलकांचा देश आहे असे ऐकून होतो आणि मनातल्या मनात मला तिथे माहेर भेटल्यासारखे वाटेल अशी अपेक्षा होती. ती पुष्कळशी पुरी झाली. एमआरटी या तिथल्या मेट्रोत खाण्याला दंड, ज्वलनशील वस्तूला दंड, प्रत्येकाची रक्कम चित्राखाली छापलेली. फक्त ड्यूरियन या दुर्गंधी फळाच्या चित्राखाली रक्कम नव्हती. “शिक्षेवाचून मनाई म्हणजे नुसती विनंती,” मी नितीनला म्हणालो. तो म्हणाला, “बाबा, हळू बोला, माझे कलीग याच गाडीनं जातात.”

मृदुला दमून आली होती म्हणून संध्याकाळी हॉकर सेंटरला जेवलो. आपल्याकडच्या खाऊगल्लीला छप्पर, पंखे, टेबले आणि शिस्त दिली तर जे होईल ते. फलकावर ‘कॅरट केक’ वाचून मी शाकाहारी पदार्थ म्हणून तो मागितला. तव्यावर परतलेले, पांढरे, चौकोनी काहीतरी आले.

“गाजर कुठे आहे?” मी दुकानदाराला विचारले.

“नो कॅरट, अंकल. मुळा.”

“आणि केक?”

“नो केक.”

त्यात अंडे असते हे मला तिसऱ्या घासानंतर समजले. हे सांगण्याची जबाबदारी विक्रेत्याची की सुनेची, यावर घरी परतेपर्यंत चर्चा झाली. मृदुला म्हणाली, “बाबा, चव कशी होती ते सांगा.” चव चांगली होती. तो मुद्दा नव्हता.

ईशान आठ वर्षांचा. मी मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि शेवटी त्याला ‘लाह’ नावाचे एक शेपूट जोडतो. समिधा गेल्याचे ऐकून तो म्हणाला, “आजोबा, दे बर्न इट ऑलरेडी?”

“माहीत नाही. तेच तर माहीत नाही.”

“आजी विल बी अँग्री?”

“आजी रागावत नसे,” मी म्हणालो. “ते खाते माझ्याकडे होते.”

शुक्रवारी रात्री जेवणानंतर केदार जोशी आला. आठवडाभर बँकेतल्या कर्जांची जोखीम मोजतो आणि शनिवार-रविवारी सोवळे नेसून पौरोहित्य करतो. मंत्र स्वच्छ, पोट सपाट. हा आधुनिक गुरुजी मला अनपेक्षितपणे आवडला, जरी त्याने सुरुवात वाईट केली.

“काका, काळजी नको. लिटल इंडियात समिधा मिळतात. पाकीटबंद. धुरी दिलेल्या, प्रमाणपत्रासकट.”

“साल?”

“साल नसते.”

“म्हणजे सोललेल्या, विषारी वायू पाजलेल्या काड्या अग्नीला द्यायच्या?”

“अग्नी ॲडजस्ट करतो, काका.”

“अग्नी करत असेल. मी करत नाही. आणि त्या झाडाच्या मालकिणीने दुकानातली काडी स्पष्ट शब्दांत नाकारलेली आहे.”

केदारने नितीनकडे पाहिले. नितीनने छताकडे पाहिले, आणि तिथे दुसरी अडचण होती. घरात होम केला की छतावरचा धूरसूचक केकाटतो. एका वास्तुशांतीला पूर्णाहुतीच्या वेळी अख्खी इमारत जिन्याने खाली उतरली होती, हे केदारने अभिमानाने सांगितले. संकुलात विस्तव पेटवायला कायदेशीर जागा एकच, ती म्हणजे पोहण्याच्या तलावाशेजारचे बार्बेक्यूचे खड्डे. नितीनने रविवार सकाळसाठी खड्डा क्रमांक दोन राखून ठेवला होता. ‘कारण’ या रकान्यात लिहिले होते ‘फॅमिली पार्टी’.

मी तो अर्ज दुरुस्त करायला लावला. ‘उपनयन संस्कार’. मुंज ही पार्टी नव्हे.

त्याच रात्री मी व्यवस्थापनाला तीन पानी पत्र लिहिले. खड्डा क्रमांक दोनवर वाकलेले एक आंब्याचे झाड मी दुपारीच हेरून ठेवले होते. आंबा होमाला चालतो. पळसाची सर नाही, पण चालतो. सार्वजनिक जागेतले पानही तोडणे तिथे गुन्हा आहे, म्हणून खाजगी आवारातल्या या झाडाच्या गळलेल्या फांद्यांवर मालकी कोणाची, संकुलाची की माळीकाम करणाऱ्या कंत्राटदाराची, आणि धार्मिक कारणासाठी त्या मिळण्याचा रहिवाशाच्या वडिलांना हक्क पोहोचतो किंवा कसे, असे सहा मुद्दे मी मांडले. लगेच उत्तर आले. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. कामाच्या चौदा दिवसांत आपल्याशी संपर्क साधू.’ मुंज परवावर आली होती.

शनिवारी सकाळी ईशान दिसेना. तो खाली व्यवस्थापनाच्या कार्यालयात गेला होता, हातात स्वतः लिहिलेला अर्ज घेऊन. तो मला नंतर पाहायला मिळाला. मायना, विषय, क्रमांक घातलेले मुद्दे, सगळे माझ्या पद्धतीचे; इंग्रजी त्याचे, तर्जुमा माझा. ‘प्रिय आँटी. विषय: मँगो ट्री. एक, उद्या माझी मुंज आहे. दोन, मला छोट्या काड्या पाहिजेत, साल असलेल्या. तीन, झाड आणि फायर अगदी जवळ आहे, सो किडा कुठेच जाणार नाही. चार, माझे आजोबा व्हेरी अँग्री आहेत. थँक यू.’

खाली आँटीने लिहिले होते, ‘ओके, कॅन. कचराखोलीमागे छाटलेल्या फांद्या आहेत, घेऊन जा. काँग्रॅट्स.’ सही, तारीख, शिक्का. शेरा पूर्ण.

माझ्या तीन पानांना चौदा दिवस आणि याच्या चार ओळींना ओके कॅन. मी भेदभावाचा मुद्दा उपस्थित करणार होतो, पण तोवर कार्टे मोळी घेऊन वर आले होते. हात खरचटलेले, केसांत पाने. पूर्वी शिष्य गुरूकडे स्वतः समिधा घेऊन जात असे, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

काड्या ओलसर होत्या. मृदुला म्हणाली, “द्या इकडे.” बाल्कनीत एसीचे जे यंत्र बाहेर गरम वारा फेकते त्याच्यासमोर तिने चाळणीत काड्या पसरल्या. “साबुदाण्याच्या पापड्या मी अशाच वाळवते, बाबा. इथे ऊन असतं, पण दुपारी पाऊस पळवतो.” सगळी खोली गार आणि सगळ्या काड्या कडकडीत. रात्री मी त्या खणात बांधल्या. गाठ मारताना काही वेळ लागला.

खड्डा क्रमांक दोन

रविवारी सकाळी मृदुलाने खड्डा घासून धुतला, मी त्यावर गंगाजल शिंपडले, आणि केदारने आत तांब्याचे कुंड ठेवले. शेजारी खड्डा क्रमांक एकपाशी हमीद नावाचे एक मलाय गृहस्थ, वयाने माझ्याएवढे, नातीच्या वाढदिवसाची तयारी करत होते. त्यांच्या ताटात काडीला टोचलेल्या कोंबडीच्या तुकड्यांची रास होती. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे.

मी जाऊन परिस्थिती समजावून सांगितली. अर्ध्यावरच त्यांनी काड्यांचे ताट झाकले.

“यू फिनिश फर्स्ट, अंकल. चिकन कॅन वेट. बॉय कॅनॉट.”

मला अंकल म्हणणारा हा समवयस्क मनुष्य त्या दिवशी मला मुळीच खटकला नाही. त्यांच्या कोळशाच्या पोत्यावर परदेशाचे नाव होते. “हा कसा आला?” मी चमकून विचारले. “ही तर लाकडेच.”

“चारकोल, अंकल. ऑलरेडी बर्न्ट. नो इन्सेक्ट.”

म्हणजे एकदा जळालेल्या लाकडाला जगभर हिंडायची मुभा आहे. कायद्याचे मर्म मला त्या खड्ड्याकाठी कळले, आणि तरीही ते मला पटलेले नाही.

मुहूर्ताला अंतरपाट दूर झाला. होमाच्या वेळी मुंडण केलेला, लंगोटी नेसलेला, किंचित लाजलेला बटू कुंडासमोर बसला. पहिली समिधा नुसतीच धुमसली. हमीदनी आपला विणलेला पंखा पुढे केला, केदारने मंत्र न थांबवता तो घेतला, आणि चौथ्या झुळकीला आंब्याच्या सालीने चटकन पेट घेतला. तलावात पोहणारी एक गोरी बाई काठाला धरून पाहत राहिली.

“स्वाहा,” केदार म्हणाला.

“स्वाहा,” ईशान म्हणाला, आणि मग हळूच, “आजोबा, हाऊ मेनी मोअर स्वाहा?”

“समोर बघ.”

त्याने समोर पाहिले. मग काडी हातात धरूनच थांबला. “आजीच्या काड्या, विमानतळवाल्या. त्यांना कोण स्वाहा म्हणणार?” हे संपूर्ण वाक्य तो मराठीत बोलला. नितीनने माझ्याकडे पाहिले. मृदुलाने पदर डोळ्यांना लावला, धूर तर होताच. मी त्याचा काडी धरलेला हात कुंडाकडे वळवला.

पुढे भिक्षावळीला बटू झोळी घेऊन मृदुलाकडे गेला आणि मग, कोणी न सांगता, खड्डा क्रमांक एककडे वळला. “ॐ भवति भिक्षां देहि,” तो खणखणीत म्हणाला. हमीदच्या पत्नीने नवऱ्याकडे पाहिले, मग टेबलाकडे, केक टाळला आणि केळ्यांची फणी झोळीत ठेवली. “नो एग इनसाइड,” त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. माझी कीर्ती संकुलात पसरली होती.

पुणे

परत येऊन आता काही आठवडे झाले. पळस जागेवर आहे आणि पार्किंगचा ठराव पुन्हा येऊ घातला आहे, त्याची तयारी चालू आहे.

सिंगापूरच्या संबंधित खात्याला मी दोन पत्रे पाठवली. पोच दोन्हींची आली, उत्तर एकाचेही नाही. गैरसमज नको म्हणून येथे जाहीरपणे नमूद करतो की मला समिधा परत नको आहेत. नुकसानभरपाई नको. नियम बदलावा असेही माझे म्हणणे नाही. किड्याविषयी मी चौकशी केली आणि तो मनुष्य, म्हणजे किडा, खरोखर हरामखोर आहे. बाईंविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनी खणाची घातलेली घडी मी अजून मोडलेली नाही, आंब्याच्या समिधा बांधताना मोडावी लागली तेवढी सोडून, आणि नंतर ती पुन्हा तशीच घातली.

माझी मागणी एवढीच आहे. पारदर्शक पिशवीतल्या, वीतभर लांबीच्या, पळसाच्या समिधा कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला अग्नीत गेल्या, आणि सॉसेजांपासून त्या शेवटपर्यंत वेगळ्या होत्या की नाही, हे त्या भट्टीच्या प्रमुखाने याच नियतकालिकातून, सर्वांसमक्ष सांगावे.

ईशान दर रविवारी फोनवर विचारतो, “आजोबा, रिप्लाय आला?” नाही म्हटले की तो म्हणतो, “देन वुई से फॉर सेफ्टी, लाह.” मग तो तिकडून आणि मी इकडून, ती घटका होऊन गेली असो की यायची असो, एकदा स्वाहा म्हणतो. पण अंदाजाने दिलेली आहुती सुधाला चालायची नाही. ती घटका मला कळवा.